ट्रॅक्टराच्या रेडिएटरांत पाणी कोणतें घालावें ?

बैल विहिरीचें पाणी पितो; तेव्हां तेंच पाणी ट्रॅक्टराच्या रेडिएटरांतही चालावें, असा हिशेब शेतकरी बंधू सहजच करतात. हा हिशेब चुकीचा आहे, आणि तो चुकला म्हणजे त्याची वसुली किती सक्तीनें होते, हें मीं स्वतःच्या घरीं पाहिलें आहे. महसूल खात्यांत कारकुनी करून मी निवृत्त झालों. यंत्रशास्त्र हा माझा विषय नव्हे. तथापि नुकसान सोसल्यावर जें वाचलें, जाणत्यांस विचारलें व स्वतः करून पाहिलें, तें या मासिकाच्या वाचकांपुढें मांडल्यास कोणाचा तरी एखादा हंगाम वांचेल, अशा समजुतीनें हा लेखनप्रपंच करीत आहें.

आमचें गांव अकोला जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाण पट्ट्यांत आहे. अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतून पसरलेल्या या पट्ट्यांतील भूजल खारें आहे, हें सर्वश्रुत आहे. जमीन काळी व खोल. परंतु विहिरीचें पाणी पिकास द्यावें तर जमीन बिघडते, आणि माणसानें प्यावें तर तोंड वांकडें होतें. सबब आमच्याकडे हरभरा बहुतांशीं पावसाच्या मुरलेल्या ओलीवरच घेतात, व त्या ओलीची मुदत कोणाच्या अर्जानें वाढत नाहीं. सन २०२२ च्या कार्तिकांत वाफसा येऊन पेरणी चालू असतां आमचा ट्रॅक्टर दुपारच्या वेळीं तापूं लागला. यंत्र माझा पुतण्या चालवितो. कांटा तांबड्या खुणेकडे गेला कीं तो बांधाशीं थांबे, इंजिन निवूं देई, शेजारच्या विहिरीचें पाणी बादलीनें आणून रेडिएटर भरी आणि पुन्हां कामास लागे. हा क्रम दोन हंगाम चालला होता. मीही तो डोळ्यांनीं पाहत होतों व मला त्यांत कांहीं वावगें दिसलें नव्हतें. सहाव्या दिवशीं एकाएकीं पांढरा धूर निघाला, आणि तेल पाहण्याच्या पट्टीवर ताकासारखा फेस आला. हेडखालचें गॅस्केट जळालें होतें व हेड वांकलें होतें.

मिस्त्रीनें रेडिएटर उतरवून त्याची वरची टांकी उघडली, आणि मला हांक मारून दाखविली. आंतील बारीक नळ्यांच्या तोंडांशीं पांढरट तपकिरी कवच धरलें होतें. निम्म्याहून अधिक नळ्या बुजलेल्या होत्या. तो म्हणाला, "भाऊसाहेब, गाडीले पाणी पाजलं का चुना?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतें. दुरुस्तीस नऊ दिवस लागले. तेवढ्यांत वरची ओल उडून गेली, उरलेल्या चार एकरांत हरभरा विरळ उगवला, आणि बँकेच्या हप्त्याकरितां ठेवलेली रक्कम मिस्त्रीस द्यावी लागली.

आतां या कवचाची उत्पत्ति पाहूं. ज्या घरांत स्नानाचें पाणी तापविण्यास तांब्याचा बंब असे, त्या घरांतील माणसांस त्याची ओळख सांगावयास नको. वर्षा-दोन वर्षांनीं बंब झटकला म्हणजे आंतून पांढऱ्या खपल्या पडत, आणि पूर्वी तासाभरांत तापणाऱ्या पाण्यास दीड तास व दुप्पट सरपण लागूं लागे. विहिरीच्या पाण्यांत चुना (कॅल्शियम) व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. अशा पाण्यास आपण जड पाणी म्हणतों. शालेय पुस्तकांत त्यासच दुष्फेन पाणी असें नांव आहे. त्यांतील बायकार्बोनेट जातीचे क्षार पाणी तापतांच फुटतात. त्यांतून कर्बवायु निघून जातो व चुनखडीसारखा न विरघळणारा पदार्थ तळाशीं बसतो. याला तात्पुरता जडपणा म्हणतात. सल्फेट व क्लोराइड जातीच्या क्षारांचा जडपणा उकळून जात नाहीं. तथापि कॅल्शियम सल्फेट हें तापलेल्या पाण्यांत कमी विरघळत असल्यामुळें तेंही सर्वांत तप्त अशा भागावरच जाऊन चिकटतें.

इंजिनांतील सर्वांत तप्त भाग म्हणजे सिलिंडरच्या भिंती व हेड. जळालेल्या डिझेलच्या उष्णतेचा सुमारें चौथा ते तिसरा हिस्सा पाण्यावाटे बाहेर काढावा लागतो. पाणी ती उष्णता इंजिनाच्या पोटांतून उचलतें, रेडिएटराच्या नळ्यांत नेतें, तेथें पंख्याच्या वाऱ्यास देतें आणि परत येतें. या फेऱ्यांत चुन्याचा थर दोन्ही ठिकाणीं आडवा येतो. ओतीव लोखंडांतून जितकी उष्णता जाते, तिच्या विसाव्या हिश्शाइतकीही अशा थरांतून जात नाहीं. म्हणजे कागदाएवढा थर हा कित्येक मिलिमीटर जादा लोखंड मध्यें घातल्यासारखा होतो. रेडिएटराच्या अरुंद नळ्यांत तर पाण्याची वाटच बंद होते. कांट्यास हें लवकर समजतें असेंही नाहीं. कांटा पाण्याची उष्णता दाखवितो. थराखालीं लोखंड किती तापलें आहे, तें त्यास दिसत नाहीं.

येथें माझ्या जुन्या धंद्याचा मला थोडा उपयोग झाला. एकदां भरलेल्या पाण्यानें एवढा थर कसा बसेल, हें मला पटेना. समजा, रेडिएटर व इंजिन मिळून १२ लिटर पाणी मावतें, आणि त्या पाण्याचा जडपणा लिटरमागें ६०० मिलिग्रॅम आहे. तर एकूण क्षार ७.२ ग्रॅम, म्हणजे तोळाभरही झाले नाहींत. एवढ्यानें नळ्या बुजत नाहींत. परंतु दोन हंगामांत मिळून १५० दिवस रोज दोन लिटर पाणी वर घातलें, तर ३०० लिटर होतात; त्यांतील क्षार १८० ग्रॅम, म्हणजे पंधरा तोळ्यांहून अधिक. पाणी वाफ होऊन उडून जातें, क्षार मागें राहतात. खातेवहींत मागील बाकी पुढें ओढावी त्याप्रमाणें ती शिल्लक रोज वाढत जाते. हे सर्वच क्षार थर होऊन बसतात असें नव्हे. परंतु बसण्याजोगा माल किती आंत गेला, हें यावरून कळतें. आमच्या विहिरीचें पाणी पुढें तपासून घेतलें तेव्हां त्याचा आंकडा या ६०० च्याही वर निघाला, सबब माझा हिशेब हात आंखडूनच केलेला आहे.

या हिशेबांतून दुसरी एक गोष्ट निघते, आणि माझ्या मतें ती पाण्याच्या निवडीइतकीच महत्त्वाची आहे. निर्दोष यंत्रास रोज पाणी लागतच नाहीं. रेडिएटराचें झांकण दाब धरून ठेवणारें असतें. सुमारें ०.९ बार दाब धरणारें झांकण ठीक असेल तर आंतील पाणी १०० अंशांस न उकळतां ११८ अंशांच्या सुमारास उकळतें. झांकणाचें रबर गेलें कीं हा दाब राहत नाहीं, पाणी लवकर उकळतें, वाफ निघून जाते, आणि आपण बादली आणावयास जातों. आमच्या ट्रॅक्टराचें झांकण असेंच निकामी झालेलें होतें. थोड्याशा पैशांचें तें झांकण वेळीं बदललें असतें, तर खाऱ्या पाण्याचे तीनशे लिटर आंत गेलेच नसते. म्हणून रोज पाणी कमी होत असल्यास प्रथम झांकण, रबरी नळ्या, त्यांच्या पकडी व पंपाची गळती पाहावी. तसेंच रेडिएटराच्या बाहेरील जाळींत भुसा व धूळ अडकून वारा बंद झाला आहे कीं काय, आणि पंख्याचा पट्टा सैल आहे कीं काय, हेंही पाहावें. कारण मळणीच्या दिवसांत तापण्याचा दोष पुष्कळदां पाण्याचा नसून भुशाचाच असतो.

थर बसणें हा एक दोष झाला. खाऱ्या पाण्याचा दुसरा दोष याहून लपलेला आहे, तो म्हणजे धातु खाणें. इंजिनाचें पोट ओतीव लोखंडाचें, जुन्या रेडिएटराच्या नळ्या पितळेच्या, पत्रे तांब्याचे व जोड डाखाचे. नवीन गाड्यांत रेडिएटर व कित्येकदां हेडही ॲल्युमिनियमचें असतें. भिन्न धातु एकमेकांशीं जोडून मिठाच्या पाण्यांत ठेवले म्हणजे विजेच्या घटाप्रमाणें क्रिया सुरू होऊन त्यांतील एक धातु झिजूं लागतो. मिठांतील क्लोराइड ॲल्युमिनियमवरील संरक्षक पापुद्रा जागोजाग फोडतें, आणि त्या ठिकाणीं सुईनें टोंचल्यासारखीं भोकें पडतात. याकरितां इंजिनें बनविणारे मोठे कारखाने पाण्याची जी मर्यादा घालून देतात ती पिण्याच्या पाण्याहून कडक असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकांत (आय. एस. १०५००) जडपणा लिटरमागें २०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य, व दुसरें पाणी नसल्यास ६०० पर्यंत चालवून घेण्याजोगा मानला आहे, क्लोराइडचे तेच आंकडे २५० व १००० आहेत. इंजिनाकरितां सामान्यतः मान्य असलेले आंकडे पाहावे, तर जडपणा १७०, क्लोराइड ४०, सल्फेट १०० व एकूण विरघळलेले क्षार ३४० याच्या आंत असावे, असे आहेत. म्हणजे जें पाणी मनुष्य सुखानें पितो, तेंही इंजिनास चालेलच असें नाहीं. हें वाचून प्रथम मला हसूं आलें. परंतु मनुष्याचें शरीर नको तें बाहेर टाकतें, इंजिनास ती सोय नाहीं.

मग पाणी आणावें कोठून? सर्वांत निर्धोक म्हणजे ऊर्ध्वपातित पाणी, जें बॅटरींत घालण्याकरितां डब्यांतून विकत मिळतें. हल्लीं बॅटरीचें म्हणून मिळणारें पाणी बहुधा वाफेनें न काढतां क्षार काढणाऱ्या यंत्रांतून काढलेलें असतें. तेंही तितकेंच चालतें. मात्र ज्या डब्यांत बॅटरीचें आम्ल मिसळलेलें पाणी असतें, तो डबा चुकून उचलूं नये. आमच्याकडील एका गृहस्थानें तसें केलें होतें. लेबल वाचावयास चष्मा लागत असेल तर तो लावावा.

दुसरें, आणि शेतकऱ्यास फुकट मिळणारें, म्हणजे पावसाचें पाणी. पहिल्या दोन-तीन सरी छपरावरील धूळ, पानें व पक्ष्यांची घाण धुऊन जाऊं द्याव्या. त्यानंतर स्वच्छ पत्र्यावरून येणारें पाणी दुहेरी कपड्यांतून गाळून स्वच्छ प्लॅस्टिकच्या डब्यांत भरावें व झांकण घट्ट लावून सावलींत ठेवावें. दहा चौरस मीटर पत्र्यावर २० मिलिमीटर पाऊस पडला तर हिशेबानें २०० लिटर पाणी होतें. त्यांतील चौथाई वाहून गेलें तरी एका पावसांत सबंध वर्षाची बेगमी होते. जुन्या लोखंडी पिंपांत मात्र हें पाणी ठेवूं नये, तांबेरतें.

घरोघरीं आलेल्या आर. ओ. यंत्राचें शुद्ध पाणी बहुधा चालतें. परंतु त्याच्या दुसऱ्या नळीनें जें टाकाऊ पाणी बाहेर पडतें, त्यांत काढलेले सर्व क्षार एकवटलेले असतात. काटकसरीच्या बुद्धीनें तें पाणी जमवून गाडींत घालणारे लोक मीं पाहिले आहेत. असें करणें म्हणजे निवडलेले खडेच तेवढे भातांत घालणें होय. घरांतील वातानुकूलन यंत्रांतून ठिबकणारें पाणी क्षारहीन असतें खरें, तथापि त्याबरोबर धूळ व बुरशी येते. अडचणीच्या वेळीं गाळून घ्यावें. तुरटी फिरविलेलें पाणी निवळतें, पण मृदु होत नाहीं. तुरटीनें गढूळपणा खालीं बसतो, विरघळलेला चुना तसाच राहतो आणि सल्फेटाची थोडी भरच पडते. उकळून, निववून, वरचें नितळ पाणी घेतल्यास तात्पुरता जडपणा बराच जातो. मीठ घालून चालणाऱ्या पाणी मऊ करण्याच्या यंत्रांतील पाण्याविषयीं पुष्कळांचा गैरसमज आहे. तें यंत्र चुना काढून त्याऐवजीं सोडियम देतें. त्यानें थर बसत नाहीं, परंतु क्लोराइड होतें तेवढेंच राहतें, आणि ॲल्युमिनियमचा धोका टळत नाहीं.

पाण्याची परीक्षा घरीं कशी करावी, हें आपल्या बायका आपल्यापेक्षां चांगलें जाणतात. ज्या पाण्यांत तुरीची डाळ शिजत नाहीं व साबणाचा फेस न होतां दह्यासारखा चोथा होतो, तें पाणी जड. ही परीक्षा कपड्यांच्या साध्या साबणाच्या वडीनें करावी. हल्लींच्या धुण्याच्या पावडरीनें ती होत नाहीं, कारण पावडर जड पाण्यांतही फेसाळते. परंतु खारपाण पट्ट्यांत या एकट्या परीक्षेवर विसंबूं नये. कित्येक विहिरींच्या पाण्यांत चुना कमी व सोडियमचे क्षार अधिक असतात. असलें पाणी हातास बुळबुळीत लागतें, साबणास फेसही देतें, आणि माणूस फसतो. याकरितां दुसरी परीक्षा करावी. स्टीलच्या स्वच्छ ताटलींत वाटीभर पाणी उन्हांत आटूं द्यावें, व शेजारीं दुसऱ्या ताटलींत तेवढेंच पावसाचें पाणी ठेवावें. मागें उरलेला पांढरा डाग कोणत्या ताटलींत किती आहे, हें पाहिलें म्हणजे वेगळें सांगावें लागत नाहीं. नक्की आंकडा हवा असल्यास भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेंत पाणी तपासून मिळतें. आमच्या विहिरीचें मीं तेथूनच तपासून आणलें. वान धरणाचें नळानें येणारें पाणी त्या मानानें पुष्कळच बरें, परंतु पावसाच्या पाण्याची सर त्यास नाहीं.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, मग नुसतें ऊर्ध्वपातित पाणी भरलें कीं झालें. तसें नाहीं. नुसत्या शुद्ध पाण्यानें थर बसत नाहीं, परंतु त्यांत विरघळलेल्या हवेमुळें लोखंड गंजतें, आणि थोड्याच दिवसांत पाणी गेरूसारखें तांबडें होतें. शिवाय डिझेल इंजिनांत सिलिंडरच्या बाह्या पाण्यांत उभ्या असल्या म्हणजे प्रत्येक स्फोटाबरोबर त्या सूक्ष्म थरथरतात. त्यामुळें पाण्यांत बारीक बुडबुडे होऊन फुटतात व प्रत्येक बुडबुडा धातूचा कण उचलतो. कालांतरानें बाहीस आरपार भोंक पडून पाणी तेलांत उतरतें. हें टाळण्याकरितां पाण्यांत गंजरोधक द्रव्यें असावीं लागतात, व तीं कूलंट म्हणून विकल्या जाणाऱ्या द्रावणांत असतात. त्यांतील मुख्य द्रव्य एथिलीन ग्लायकॉल हें थंड देशांत पाणी गोठूं नये म्हणून घालतात. आपल्याकडे गोठण्याचें भय नाहीं, सबब कूलंट हा निव्वळ खर्च आहे, असें म्हणणारे पुष्कळ आहेत. मीही म्हणत असें. वास्तविक उष्णता वाहून नेण्यांत नुसतें पाणी ग्लायकॉलच्या मिश्रणाहून सरसच आहे. पैसे द्यावयाचे ते गंजरोधकाकरितां. निम्मेंनिम मिश्रण साध्या दाबाखालीं सुमारें १०७ अंशांस उकळतें, हा वरचा लाभ.

कूलंट दोन प्रकारें मिळतें. तयार मिश्रण असेल तर त्यांत पाणी घालावयाचें नसतें. दाट असेल तर यंत्राच्या पुस्तिकेंत सांगितलेल्या प्रमाणांत ऊर्ध्वपातित पाण्यांत मिसळून मगच ओतावें. रंगावर जाऊं नये. हिरवा, तांबडा, निळा हा केवळ घातलेला रंग होय; एका रंगाचीं दोन द्रावणें निराळ्या घटकांचीं असूं शकतात, आणि न जुळणारीं एकत्र झाल्यास त्यांचा गाळ होतो.

एक गोष्ट मात्र गोठ्याच्या मालकानें विशेष ध्यानांत धरावी. ग्लायकॉल विषारी आहे व चवीला गोड आहे. कुत्रीं, वासरें तें चाटतात, आणि मूत्रपिंडें निकामी होऊन मरतात. मोठ्या माणसासही शंभर मिलिलिटरच्या आसपास पोटांत गेल्यास प्राणावर बेततें. जुनें कूलंट काढतांना तें जमिनीवर, नालींत किंवा जनावरांच्या हौदाजवळ सोडूं नये. घमेल्यांत धरून झांकणाच्या डब्यांत भरावें आणि मिस्त्रीकडे द्यावें. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलींत तें कदापि ठेवूं नये. घरांत मुलें असतात.

जुन्या यंत्रांत आधींच थर बसला असेल तर नवें कूलंट ओतण्यापूर्वीं आंतून धुणें अवश्य आहे. निवलेल्या इंजिनांतील पाणी खालची तोटी उघडून काढावें, स्वच्छ पाणी भरून थोडा वेळ चालवावें, पुन्हां निवूं देऊन काढावें. पाणी नितळ येईपर्यंत हें करावें. थर जाड असल्यास लिंबूसत्त्वाच्या पाण्यानें तो सुटतो, परंतु ॲल्युमिनियमच्या भागांवर किती वेळ ठेवावें हें जाणकारावरच सोंपवावें. धुण्याचा सोडा ॲल्युमिनियम खातो, आणि संडास धुण्याचें आम्ल तर लोखंडासही सोडीत नाहीं. हे दोन्ही प्रयोग गावांत चालतात, ते करूं नयेत.

रस्त्यांत किंवा शेतांत अडचण आली आणि चांगलें पाणी जवळ नसलें, तर कोरडें यंत्र चालविण्यापेक्षां कोणतेंही स्वच्छ पाणी बरें. घरीं आल्यावर तें काढून टाकावें म्हणजे झालें. मात्र झांकण तापल्या इंजिनावर उघडूं नये. आंतील पाणी दाबाखालीं शंभर अंशांच्या वर गेलेलें असतें, व झांकण फिरवितांच तें वाफेसह तोंडावर येतें. अर्धा तास थांबावें, जाड फडकें घेऊन प्रथम अर्धा फेरा द्यावा, फुस्स आवाज थांबल्यावर पुरें काढावें. तसेंच लाल झालेल्या इंजिनांत एकदम गार पाणी ओतल्यानें हेडास तडा जातो. आमचें हेड तेवढ्यावरून वांकलें कीं थरामुळें, हें मिस्त्रीलाही सांगतां आलें नाहीं, बहुधा दोन्ही.

गेल्या पावसाळ्यांत आम्हीं वीस लिटरचे दोन डबे पत्र्याखालीं भरून ठेवले. त्यांपैकीं एकाला अद्याप हात लागलेला नाहीं, कारण नवें झांकण बसविल्यापासून यंत्रास वर पाणी घालण्याचा प्रसंग क्वचित् येतो. दुसऱ्यांतलें निम्में पाणी माझ्या सुनेनें तुरीची डाळ शिजविण्यास नेलें, आणि तिची मागणी पुढेंही चालू राहील असें दिसतें. म्हणून यंदा डबे चार करावे लागणार आहेत.